पाठमोऱ्या गणपतचं चित्र

दिवाळी अंकवाल्यांना माझ्याकडून आधुनिक चित्रकलेचा उगम आणि तिची तत्त्वं यावर लेख हवा आहे. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर बुलढाण्यात पाट्या रंगवल्या आणि मेलेल्या माणसांची तोंडं काढली, मला कुठे या फंदात पाडता? तर म्हणाले, त्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये तुम्ही एवढे तणतणलात, तेच लिहून द्या. बरं, देतो लिहून. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा लिहायला अडचण नाही.

झालं असं की पुण्याकडचे एक कलेचे जाणकार आमच्याकडे भाषणाला आले होते. पडद्यावर परदेशी चित्रं दाखवली, दीड घोट पाणी पिऊन छान बोलले, आणि शेवटी म्हणाले, की आधुनिक चित्रकला ही शहराची उपज आहे, तुमच्यासारख्या भागात तिची गरजच कधी निर्माण झाली नाही. मी उठलो आणि म्हणालो, "मले एक इचारायचं हाये." पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. माझ्या प्रश्नाला नव्हे, तो अजून विचारायचाच होता. माझ्या बोलीला हसलं. जाणकार हात जोडून म्हणाले, "आजोबा, तुमची भावना समजते." आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मी काय विचारणार होतो हे माहीत नसताना याला माझी भावना समजली कशी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आता जे तिथे बोलू दिलं नाही ते इथे सांगतो.

माझं दुकान कोर्टाच्या रस्त्यावर होतं. दुकान म्हणजे एक दार, एक खिडकी आणि टर्पेंटाइनचा वास. पाट्यांच्या कामात सरकारची माझ्यावर मोठी कृपा होती. आमचा जिल्हा आधी मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात. जिल्हा जागचा हलला नाही, पण एकाच कचेरीची पाटी मी तीनदा रंगवली. तरी लोक मला ओळखायचे ते पाट्यांसाठी नाही. घरातलं माणूस गेलं, की भिंतीवर लावायला त्याचं मोठं रंगीत चित्र करून देणारा पेंटर म्हणून ओळखायचे. त्या चित्रालाही लोक फोटोच म्हणत.

हा धंदा कसा चालतो ते सांगतो. गिऱ्हाईक बोटाएवढा फोटो घेऊन येतं, तोही कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातला. त्यावर बारीक चौकोनी घरं आखायची, तेवढीच घरं मोठ्या कापडावर आखायची, आणि लहान घरात जे दिसतं ते मोठ्या घरात उतरवायचं. रंग चढला की घरं झाकली जातात. हे कोणालाही शिकता येतं. शिकता येत नाही ते गिऱ्हाईक. काहींकडे माणसाचा जिवंतपणीचा फोटोच नसायचा. माणूस गेल्यावर धावपळ करून फोटोग्राफर बोलावलेला, देह खुर्चीत बसवलेला, आणि मागून कोणीतरी मान धरलेली. फोटोत मान धरणाऱ्याची बोटं यायची. ती बोटं पुसायची आणि मिटलेले डोळे उघडायचे, हे माझं काम. लोक अगदी सहज सांगायचे, "पेंटर, बाबाचे डोळे तेवढे उघडून द्या." मी देत असे.

अमडापूरच्या एका व्यापाऱ्याला वडिलांच्या मनगटावर घड्याळ हवं होतं. वडिलांनी जन्मात घड्याळ बांधलं नव्हतं. मी बांधलं. मग कोटाला सोन्याची साखळी आली, पायात बूट आले. मग तो म्हणाला, चष्मा लावा. मी म्हटलं, "शेटजी, अंगठा उठवणाऱ्या मानसाले चष्मा कायले?" तो म्हणाला, "वाचाले कोन म्हनते? वजन पडाले पायजे." चष्मा लावला. चित्र तयार झालं तेव्हा म्हातारी आई बघायला आली, आणि हा साहेब कोण म्हणून तिने विचारलं.

आणि ज्यांच्याकडे कसलाच फोटो नसे, त्यांचं काम सगळ्यात अवघड. त्याला आम्ही तोंड जुळवणं म्हणायचो. घरचे चार लोक येऊन बसत. कपाळ थोरल्या मुलासारखं, हनुवटी आत्यासारखी, कान कोणाचेही चालतील. सोय म्हणून मी नाकांचा एक तक्ताच करून भिंतीला लावला होता. लोक त्यातून बापाचं नाक निवडायचे. एकदा दोघे भाऊ नाकावरून माझ्या दुकानात हातघाईवर आले. शेवटी बाप ज्याच्याकडे जेवत होता त्याने पसंत केलेलं नाक लागलं.

आता तुमची ती तत्त्वं. ती मला ठाऊक नव्हती असं कृपा करून समजू नका. मी नागपूरला रीतसर चित्रकला शिकलो. तिथे आमचे एक गुरुजी परदेशी मासिकांतली पानं जपून ठेवायचे आणि दाखवायचे. त्यांनी सांगितलं ते असं. शेकडो वर्षं तिकडचे चित्रकार हुबेहूब काढण्याच्या मागे होते. मग कॅमेरा आला. हुबेहूब काढायचं काम यंत्र करू लागलं, तेही झटपट. मग चित्रकाराने करायचं काय? या प्रश्नापासून आधुनिक चित्रकला सुरू झाली. कोणी म्हणाला, वस्तू कशी आहे ते राहू द्या, या घटकेच्या उजेडात ती मला कशी दिसते तेवढंच मी काढीन. दुसरा म्हणाला, डोळ्याला एका वेळी एकच बाजू दिसते, पण मला तर सगळ्या बाजू माहीत आहेत, मी सगळ्या काढीन. तिसरा म्हणाला, मला झाड बघून जे वाटतं त्याचा रंग लाल आहे, तेव्हा झाड लाल. आणि कामाचं नसेल ते गाळायचं, हे सगळ्यांनी मानलं. गुरुजी म्हणायचे, चित्र काढताना आधी स्वतःला विचारा, बघणारा कुठे उभा आहे आणि त्याला काय दिसतंय.

मी मान डोलावली, परीक्षा दिली आणि बुलढाण्याला येऊन नाकांचा तक्ता लावला. तिकडे कॅमेऱ्याने चित्रकाराची भाकरी काढून घेतली होती. आमच्याकडे उलट, फोटो निघाले म्हणून ते मोठे करायला लोक माझ्याकडे येत होते. हुबेहूब हेच माझं पोट होतं. तत्त्वं मी ट्रंकेत घालून ठेवली होती. ती बाहेर कशी आली तेच सांगायचं आहे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. जिल्हा परिषदा नव्या, सरपंच नवे, त्यांचे पटकेही नवे. देऊळघाटचे एक माळी शेतकरी त्र्यंबकराव माझ्याकडे आले. भाजीपाल्याचा मोठा मळा, गावात शब्दाला किंमत, आणि नुकतेच सरपंच झालेले. त्यांचा धाकटा भाऊ गणपत काही वर्षांपूर्वी विहीर खोदताना दरड अंगावर येऊन गेला होता. या गणपतने जाण्याआधी आपल्या वाटणीतला एक तुकडा शाळेसाठी देऊन टाकला होता. आता तिथे शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, शिक्षण खात्याचे साहेब उद्घाटनाला येणार होते, आणि शाळेच्या भिंतीवर गणपतचं चित्र लागणार होतं. गणपतचा फोटो मात्र एकही नव्हता.

मी तक्त्याकडे हात केला. त्र्यंबकरावांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. ते खुर्चीत बसले, पटका नीट केला आणि म्हणाले, "कायले एवढी खटपट? आमी सख्खे भाऊ. माह्यं तोंड घ्या अन् मिश्या जराशा बारीक करा. झाला गणपत."

"तुमच्यात अन् त्यायच्यात सारखेपना होता का?" मी विचारलं.

"भावाभावात असतेच नं बाप्पा. तुमी काढा."

मी काढलं. फोटोवरून काढणाऱ्याला समोर जिवंत माणूस बसलेला मिळणं म्हणजे सणच. ते पुन्हा पुन्हा येऊन बसले आणि मी मन लावून रंगवलं. नजर, नाकपुडीची कड, गालावरचा वांग, सगळं उतरलं. चित्र इतकं बोलकं झालं की मला स्वतःचं कौतुक वाटू लागलं.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई रिकामी टोपली घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. "पेंटरभाऊ, मी देऊळघाटची पार्वता," ती म्हणाली. "गनपतरावायची बायको. आमच्या घरचा फोटो तुमच्याकडं होऊन राह्यला म्हनतात. पाहू द्या नं मले." मी म्हटलं, या, या. ती आत आली. चित्र लाकडी घोडीवर टेकवलेलं होतं, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर. तिने एकदा वर पाहिलं, आणि झटकन पदर नाकाच्या खाली ओढून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मला आधी आनंद झाला. रडली असेल, असं वाटलं. मी विचारलं, "काय झालं बाई?"

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "भासरे हायेत."

मी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोने त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातात काही द्यायचं नाही. ताट असो की पाण्याचा तांब्या, खाली ठेवायचा आणि बाजूला व्हायचं, मग तो उचलून घेईल. तोही घरात येताना आधी खोकतो, म्हणजे हिला पदर घ्यायला वेळ मिळतो. पार्वताबाईने जन्मभर हे पाळलं होतं. आणि त्या भासऱ्यांचं तोंड मी तिच्या नवऱ्याचं म्हणून रंगवून ठेवलं होतं.

मी घोडी भिंतीकडे वळवली तेव्हा ती जमिनीवर बसली. मी म्हटलं, "चित्र हाये थे बाई."

"चित्र हाये हे मले समजते," ती म्हणाली. "पन तोंड तं त्यायचंच हाये नं. शाळेत एक लावनार, घरी एक लावनार म्हनतात. सनावारी हार मीच घालनार, पाया मीच पडनार. भासऱ्यायच्या तोंडाले मी मालक म्हनू का, भाऊ? अन् माही कमल? बाप गेला तवा थे पोटात होती. तिनं काईच नाई पाह्यलं. मी बोट दाखवीन थोच तिचा बाप. आता काय भासऱ्यायवर बोट दाखवू?"

"मंग घरी कोनाले सांगितलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू? भासऱ्यायसंगं मी बोलत नसते."

मला आजही हे लिहिताना संताप येतो. सरपंच, मास्तर, गावातले चार शहाणे, सगळ्यांनी मिळून चित्र ठरवलं. कोणत्या भिंतीवर लावायचं, चौकट कसली करायची, पडदा कोणी ओढायचा, सगळं ठरलं. त्या माणसाबरोबर संसार केलेली बाई त्याच घरात भाकरी थापत बसली होती, तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. मी तर पैसे घेऊन चित्रं काढणारा, मीही विचारलं नाही. आणि जिने तक्रार करायची तिला तोंड उघडायला बंदी, तीही ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्यासमोर. हे असं झकास जमवून आणायला माणसं कुठे शिकतात कोणास ठाऊक.

मी कागद आणि कोळसा घेतला. म्हटलं, सांगा, गणपतराव कसे होते. नाक?

"नाकासारखं नाक," ती म्हणाली.

कपाळ? "होतं." डोळे? "चांगले होते." मी वैतागलो. म्हटलं, "बाई, संसार केला तुमी. नवऱ्याचं तोंड नाई सांगता येत?"

ती चिडली नाही. "कवा पाहू, पेंटरभाऊ?" म्हणाली. "दिवसभर घरात सासू-सासरे, भासरे. पदर नाकावर. राती दिवा इझलेला. उजेडात मानूस दिसे थो वावरात जाताना. थे पुढं अन् मी मांगून. मांगून कसे होते थे इचारा."

आणि मग ती सांगू लागली, आणि मला कोळसा थांबवायला सवड मिळेना. डावा खांदा जरासा खाली, लहानपणी बैलाने आपटलं होतं. खांद्यावर फावडं, आणि त्याच्या दांड्यावरून हात असा सैल टाकलेला. पटक्याचा शेव मानेवर, नेहमी उजव्या बाजूला. मान उन्हाने काळी पडलेली, पण कानामागे तेवढी जागा उजळ. कानावर बिडी. धोतर चिखल लागू नये म्हणून वर खोचलेलं, पण एकाच बाजूने, दुसरी बाजू विसरायचे. चालताना टाच आधी, जोरात. "अन् मांगं वळून पाहत नसत," ती म्हणाली. "पन मी मांगं राह्यली की चाल हळू करत. पाठीवरून समजे मले."

मी कागद तिच्यासमोर धरला. ती उठली. दोन पावलं मागे आणि जराशी डावीकडे जाऊन उभी राहिली, आणि तिथून बघत राहिली. डोक्यावरचा पदर मागे सरला होता, तिने तो सावरला नाही. "हाव," म्हणाली. "हे थेच."

आता सांगा, आधुनिक चित्रकलेची गरज कुठे निर्माण झाली नाही? बघणारा कुठे उभा आहे आणि त्याला काय दिसतंय, हा प्रश्न त्या जाणकारांच्या पडद्यावरच्या चित्रांनी विचारला असेल. माझ्या दुकानात तो टोपली घेऊन आला होता. मी ते चित्र तेलरंगात केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा घरं आखली नाहीत. झाडं काढली नाहीत, आभाळ काढलं नाही, रस्ताही काढला नाही. खाली मातीचा रंग, वर तोच रंग थोडा उजळ, आणि मध्ये पाठ. पाठ मोठी काढली, डोकं त्या मानाने लहान, कारण मागून जवळून चालणाऱ्याला तसंच दिसतं. अंगातल्या बंडीला पांढरा रंग द्यायचा म्हणून बसलो, पण तिने सांगितलेलं ऊन आठवून हात पिवळ्याकडे गेला. बंडी पिवळीच राहिली.

चार दिवसांनी त्र्यंबकराव आले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली होती. मी सगळं सांगितलं. पार्वताबाई आल्या होत्या हेही सांगितलं, आणि चित्र बघून त्यांनी पदर घेतला हेही. त्यांनी पाठमोरं चित्र बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"गावाले पाठ दाखवून राह्यला काय माहा भाऊ? जमीन दिली त्यानं, काई चोरी नाई केली."

"त्यायच्या बायकोले असेच दिसत थे."

"फोटो काई बायकोसाठी नोहे. गावासाठी हाये. पाठीवरून मानूस कोन वळखते बे?"

"बायकोनं वळखला."

"अन् पदर घेतला तं घेऊ द्या. मी काय तिथं उभा हाओ? फोटो हाये थे. एवढीशी गोष्ट अन् तुमी तिचा डोंगर करून राह्यले."

एवढीशी गोष्ट. घरातल्या सुनेला त्यांनी कधी समोर येऊ दिलं नाही, आणि आता आपलं तोंड तिच्या देव्हाऱ्याशेजारी टांगायला निघाले होते, आणि ही म्हणे एवढीशी गोष्ट. मी तावातावाने बोललो. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पेंटर, सांगितलं थे देता का दुसऱ्या कोनाकडून करून घेऊ?" मी दिलं. बुलढाण्यात तोंड जुळवणारा मी एकटा नव्हतो, आणि दुसऱ्याने याहून वाईट काढलं असतं. ही सबब मी तेव्हाही स्वतःला सांगितली, अजूनही सांगतो, आणि ती मला कधीच पटलेली नाही.

उद्घाटनाला मी गेलो. शाळेपुढे मांडव, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, व्यासपीठावर साहेब आणि त्र्यंबकराव. साहेबांनी दोरी ओढली. पडदा सरकला आणि टाळ्या पडल्या. मास्तरांनी पुकारलं, की आता कैलासवासी गणपतरावांच्या प्रतिमेला त्यांच्या पत्नी पुष्पहार अर्पण करतील.

पार्वताबाई उठल्या. हार कोणीतरी त्यांच्या हातात दिला. चित्राच्या समोर येईपर्यंत पदर डोक्यावर होता. समोर आल्यावर त्यांनी तो हनुवटीपर्यंत ओढून घेतला, अंग वळवून उभ्या राहिल्या, हार चित्राखाली जमिनीवर ठेवला, आणि बाजूला सरकल्या. नेमकं ताट ठेवतात तसं.

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. साहेब माइकमध्ये म्हणाले, "भगिनी शोकाकुल झाल्या आहेत. कोणीतरी त्यांच्या वतीने हार घाला." तेव्हा बायांमधून एका म्हातारीचा आवाज आला. "शोक कायचा साहेब? समोर भासरा हाये तिचा. भासऱ्याच्या गळ्यात हार घालते का कोनी?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मग हसणंही थांबलं, कारण सगळ्यांनाच ते दिसलं. आधी न दिसलेलं. पुरुष पायाकडे बघू लागले. त्र्यंबकरावांनी चित्राकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं. रागवायचं कोणावर? तिने एकही रीत मोडली नव्हती. उलट सगळ्या गावासमोर काटेकोर पाळली होती. ते खाली उतरले, भासऱ्याने उचलायचा म्हणून हार उचलला, आणि तसेच उभे राहिले. आपल्याच फोटोला जिवंतपणी हार कोण घालील? शेवटी हार मास्तरांच्या हातात देऊन ते हळूच म्हणाले, "कापड टाका त्याच्यावर."

आता इथे कथा संपावी, असं तुम्हाला वाटेल. पण शिक्षण खातं अजून शिल्लक आहे. कार्यक्रम झाल्यावर त्र्यंबकराव साहेबांच्याच जीपमधून, साहेबांना घेऊन, माझ्या दुकानात आले. मलाही मागे बसवून आणलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "थो दुसरा दाखवा साहेबाले. शाळेत थो लावू." मला त्या माणसाबद्दल तेव्हा जे वाटलं ते मी लपवणार नाही. बरं वाटलं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. म्हणाले, "कलात्मक आहे. पण अपुरं आहे. आणि बंडी पिवळी कशी?"

मी म्हणालो, "ऊन हाये साहेब."

"ते ठीक. पण विद्यार्थ्यांपुढे पाठमोरा मनुष्य आदर्श म्हणून कसा ठेवता येईल? समोरून पूर्ण करा, मग बघू."

मी म्हणालो, साहेब, तुमच्या शाळेत प्रार्थनेला पोरं एकामागे एक उभी करता, प्रत्येकाला पुढच्याची पाठच दिसते. ते म्हणाले, "ते शिस्तीसाठी असतं." आणि जीपमध्ये बसले. शाळेची ती भिंत रिकामीच राहिली. पुढे तिथे फळ्यांचा गठ्ठा टेकवून ठेवत. ज्याने जमीन दिली त्याला आपल्याच जमिनीवरच्या भिंतीवर जागा मिळाली नाही, कारण तो साहेबांकडे बघत नव्हता. समोरचं चित्र त्र्यंबकरावांनी घरी नेलं, माझ्याकडून खालचं नाव बदलून घेतलं, मिश्या परत जाड करून घेतल्या, आणि आपल्या बैठकीत लावलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलांना नवा फोटो काढावा लागला नाही. काम चांगलं होतं, हे मी आधीच सांगितलं आहे.

पाठमोरं चित्र मीच देऊळघाटला पोचवलं. पार्वताबाईच्या खोलीत लावायचं होतं. त्र्यंबकराव दाराबाहेर थांबून खोकले. आतून बांगड्या वाजल्या, पार्वताबाई मागच्या दाराने अंगणात गेल्या. मग ते आत आले, स्वतः खिळा ठोकला, मी चित्र अडकवलं. ते म्हणाले, "खांदा बराबर धरला तुमी. डावा." एवढंच बोलून बाहेर निघून गेले.

मग पार्वताबाई आत आल्या. बरोबर कमल, सहासात वर्षांची, बोटं चोखत. तिने चित्र पाहिलं.

"माय, हे कोन?"

"तुहे बाबा."

पोरीने मान वाकडी करून चित्राच्या कडेने पलीकडे काही दिसतं का ते पाहिलं. मग विचारलं, "कुठं जाऊन राह्यले?"

"वावरात," पार्वताबाई म्हणाल्या. "आपन मांगून चाललो."